ताडून पाहिले

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. ऐंशी उलटली तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. पण ज्या वर्षाबद्दल लिहायला बसले आहे, त्या वर्षी मी फारशी बोललेच नाही. कोणी विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं की जेवायची, आणि उरलेला दिवस चार पायांच्या एका चष्म्यातून मुंबईकडे वरून बघत बसायची. त्या बघण्याचा मला सरकारी पगार मिळत होता.

त्या जानेवारीत माझा दादा गेला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संयुक्त महाराष्ट्राचं वारं तेव्हा लालबागभर होतं. आमच्या चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा 'मुंबईसह' म्हणत गॅलरीतून धावायची. दादा काही पुढारी नव्हता. सभेला जायचा, घरी येऊन आईला अर्धं भाषण ऐकवायचा, आणि आई म्हणायची, आधी हात धू. त्या दिवशी रस्त्यावर गलका झाला म्हणून अख्खी चाळ खाली उतरली, तसा तोही उतरला. थोड्या वेळाने दोघा-तिघांनी त्याला उचलून चाळीच्या तोंडाशी आणलं. मी जिन्यात होते. गोळी मानेखाली लागली होती.

मला रडू आलं नाही. चाळीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी दगड आहे. म्हणू देत, मला त्याचंही काही वाटलं नाही. आई तेरा दिवस रडली आणि चौदाव्या दिवशी तिने चूल पेटवली, कारण तिची खानावळ होती. कोकणातून आलेले दहा-बारा गिरणीवाले आमच्याकडे जेवायचे. माणूस गेलं म्हणून त्यांची पोटं काही थांबणार नव्हती. वडील मी लहान असतानाच गेलेले. भिंतीवर लावायला दादाचा एकही फोटो नव्हता. त्याच्या लग्नात एकदमच सगळ्यांचा काढू, असं आमचं ठरलेलं होतं.

मी मॅट्रिक होते आणि शाळेत ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या होत्या. शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंनी ओळखीने मला मे महिन्यात गिरगावातल्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून चिकटवलं. हंगामी नोकरी, सहा महिने काम बघणार आणि मग ठरवणार. घरात बाहेरून येणारा पगार आता माझाच. लालबागहून ट्रामने जायचं, तिसरा मजला चढायचा, हातावरचा घाम पुसायचा आणि टेबलाशी बसायचं. घामेजला हात फोटोवर टेकला तर आमचे हेड ड्राफ्ट्समन असा चेहरा करायचे, की जणू मी त्यांच्या जानव्यालाच हात लावलाय. आम्ही त्यांना हेडसाहेब म्हणायचो. ते गिरगावातलेच, पुणेरी बोलणारे, मुलींनाही अहो-जाहो करणारे.

काम होतं केंदाळ शोधण्याचं. कागदोपत्री त्याला जलपर्णी म्हणायचे. बाहेरदेशातून कोणीतरी शोभेचं फूल म्हणून आणलं आणि ते तळ्यातळ्यांत पसरलं. फूल जांभळं, मोठं देखणं. पण एकदा तळ्यात शिरलं की पाणी दिसेनासं होतं, मासे मरतात, डासांचं फावतं. मुंबईच्या कडेची आणि पलीकडच्या गावांतली तळी चालत जाऊन तपासायची तर वर्ष सरलं असतं. म्हणून विमान. ते वर्षातून दोनदा, एकदा पाऊस संपल्यावर आणि एकदा जानेवारीत, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरळ रेषेत उडायचं, आणि त्याच्या पोटात बसवलेला कॅमेरा फोटोमागून फोटो काढत जायचा. एका रेषेतले फोटो म्हणजे एक पट्टी. एका पट्टीचं एक पाकीट. प्रत्येक फोटोच्या कडेला कॅमेऱ्यातलंच एक इवलंसं घड्याळ छापलेलं असायचं, आणि मागे तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. पाकिटावर 'गुप्त' असा शिक्का. कचेरीच्या दाराबाहेर फोटो नेला तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

शेजारशेजारचे दोन फोटो बाजूबाजूला ठेवायचे आणि वर तो चार पायांचा चष्मा ठेवून बघायचं. डोळ्यांना जोर द्यायचा नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच जमायचं नाही. लोक डोळे ताणायचे, डोकं धरून बसायचे. हेडसाहेबांनी मला सांगितलं, काही बघू नका, शून्यात बघितल्यासारखं बघा. मला पहिल्याच दिवशी जमलं. जानेवारीपासून मी दुसरं करत काय होते! सपाट काळा-करडा कागद एकदम वर उठला, टेकडीला उंची आली, विहिरीला खोली आली. हेडसाहेब खूश झाले. म्हणाले, तुमची नजर चांगली आहे. मी मनात म्हटलं, चांगली कसली, मेलेली आहे.

मग पेन्सिली. तळ्यात पाणी मोकळं दिसलं तर निळी. केंदाळ दिसलं तर लाल. शंका असली तर पिवळी. लाल केलेल्या तळ्यावर पावसाळ्यानंतर पंपवाल्यांची टोळी जायची आणि औषध फवारायची. पिवळ्यावर आधी एक माणूस जाऊन डोळ्यांनी बघून यायचा, तोवर पंपाला हात लावायचा नाही, असा नियम. माणूस पाठवायचा म्हणजे खटपट, म्हणून पिवळी पेन्सिल फार झिजलेली कोणाला आवडायची नाही.

आणि लाल करण्याआधी एक गोष्ट करायचीच. दोन फेऱ्यांचे फोटो ताडून बघायचे. हेडसाहेबांचं वाक्य होतं, 'केंदाळाला पाय असतात, पिकाला नसतात.' वारा फिरला की केंदाळ एका काठावरून दुसऱ्या काठावर जाऊन साचतं. पाऊस संपल्यावर एका जागी दिसलेली हिरवळ जानेवारीत सरकलेली असली तर केंदाळ. तिथल्या तिथेच असली तर कोणीतरी लावलेलं काहीतरी. कमळ असेल, शिंगाडा असेल. तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'दुसऱ्या फेरीशी ताडून पाहिले', आणि तिथे आपली सही.

आता माझं पाप सांगते.

शीवच्या पलीकडच्या तळ्यांचा तक्ता माझ्याकडे आला तेव्हा जुलै चालू होता. पहिल्या फेरीचे फोटो बघून झाले. ताडायला जानेवारीचं पाकीट काढलं. ती पट्टी लालबागवरून निघालेली, परळ, हिंदमाता, दादर, मग शीव आणि खाडीकडची गावं. म्हणजे शीवच्या तळ्यांपर्यंत पोचायला मला आमच्या चाळीवरून जावं लागणार होतं. जानेवारीत. कोणत्या दिवशी ते मी बघितलं नाही. चिठ्ठी मागे होती, फोटो उलटायचा अवकाश, पण मी उलटला नाही. दादा गेला त्याच आठवड्यातली फेरी, एवढं ऐकून माहीत होतं आणि तेवढं मला पुरे होतं.

चाळ सापडली. चार काड्या जोडल्यासारखी. समोरचा रस्ता सापडला, रिकामा. मी चष्मा ठेवला आणि त्या रस्त्यावर दादाला शोधत बसले. इतक्या उंचीवरून माणूस दिसत नाही, हे मला पाठ होतं. होडी दिसते, बैलगाडी दिसते, माणूस नाही. तरी शोधत होते. रस्ता रिकामा दिसला म्हणजे संचारबंदीचाच दिवस असणार, असं मीच ठरवून टाकलं, जसं काही इतर दिवशी मला माणसं दिसणारच होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाजूला तक्ता पडलेला. हेडसाहेबांनी विचारलं, झालं का? मी शेवटच्या रकान्यात वरून खालपर्यंत भराभर सह्या ठोकल्या. शीवच्या पुढचा एकही फोटो मी चष्म्याखाली घेतला नव्हता. जोडीने असलेली दोन तळी होती, दोन्ही गच्च भरलेली, लाल केली. मन खात होतं का म्हणाल, तर नाही. ट्रामने घरी आले आणि आईला कांदे चिरून दिले.

ऑक्टोबरात एक दिवस दुपारी ती आली. पन्नाशीची बाई, शीव कोळीवाड्यातलं माहेर, तळ्याकाठच्या गावात दिलेली. डोक्यावर पाटी. शिपाई नको नको म्हणत तिच्या मागून आला, पण तिने ऐकलं नाही. चार कचेऱ्या फिरून ती आमच्याकडे पोचली होती. तिने पाटी उतरवली आणि माझ्या टेबलावर उपडी केली. शिंगाड्याचे वेल होते. पानं पिळवटलेली, देठ सुजलेले, शिंगाडे काळे आणि बुळबुळीत. इतकी घाण सुटली की दोघं-तिघं उठून खिडकीशी गेले.

तिने जे सांगितलं ते सगळ्यांना कळलं. दोन तळी होती. दोन्हीत ती शिंगाडा लावायची, नवऱ्याच्या बापापासूनचं चालत आलेलं. आठ दिवसांपूर्वी पंपवाले आले आणि पहिल्या तळ्यावर औषध मारून गेले. ती बाजारात होती. परत आली तर टोळी निघून गेलेली, नुसता वास. आता ते परवा दुसऱ्या तळ्यावर येणार होते. बियाणाचे शिंगाडे त्याच तळ्यात ठेवलेले. ते गेले की पुढच्या वर्षी लावायला काही नाही, आणि तिला दुसरं काही येत नव्हतं.

हेडसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी रजिस्टर काढलं, तक्ता काढला, शेवटचा रकाना बघितला. मग माझ्याकडे वळून विचारलं, 'हे तुम्ही ताडून पाहिलं होतंत ना?'

मी म्हटलं, 'हो.'

इतकं सोपं होतं ते. तोंडातून गेलं. हेडसाहेब बाईंना म्हणाले, अर्ज द्या, चौकशी करू, पण कागदावर चूक दिसत नाही. अर्जाची चौकशी परवाच्या आत होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. ती बाई त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. पाटी काखेला मारली आणि म्हणाली, 'वरून बघतेस ना गो तू? मी अख्खा दिवस पाण्यात असते. मी दिसले नाय तुला?'

ती गेली. वेल तिथेच राहिले. शिपायाने ते कागदात गुंडाळून खाली नेले, आणि माझ्या टेबलाला दोन दिवस तो वास होता. त्या संध्याकाळी खानावळीच्या पंगतीत मी वाढत होते तर एकाने विचारलं, ताई, हाताला कसला वास येतो. आईने माझ्याकडे बघितलं. मी हात धुऊन आले आणि पुन्हा वाढायला लागले. मनात काही येत नव्हतं असं नाही, पण आलेलं लगेच थिजायचं. नोकरी जाईल, हे मात्र स्पष्ट कळत होतं. सहा महिने भरायला थोडेच दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी कचेरीत गेले आणि जानेवारीचं पाकीट काढलं. लालबागचा फोटो पालथा घातला आणि पुढे गेले. हिंदमाता गेली, दादर गेलं, शीवचा किल्ला आला. तळ्यांची जोडी चष्म्याखाली घेतली. हाताच्या काकणाला आरसा कशाला! दोन्ही तळी भरलेली, आणि जिथली हिरवळ तिथेच. पहिल्या फेरीच्या फोटोत होती तशी, तसूभर सरकलेली नाही. शिवाय तिच्यातून होडी फिरवायला सोडलेल्या सरळ वाटा, पोरीच्या डोक्यातल्या भांगासारख्या. शाळकरी पोरानेसुद्धा पिवळी केली असती. आणि दुसऱ्या तळ्यातल्या एका वाटेवर एक बारीक काळा ठिपका होता, लांबट. होडकं. मी दादाला रस्त्यावर शोधत बसले होते तेव्हा याच पाकिटात, चार फोटो पुढे, ही बाई पाण्यात काम करत होती.

हेडसाहेब आले तशी मी उठून उभी राहिले आणि सांगितलं. काल खोटं बोलले. ताडलं नव्हतं. त्या तक्त्यातलं एकही तळं ताडलं नव्हतं. का, तेही सांगितलं, लालबागच्या फोटोचं. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडलेच. आधी त्यांनी मला मेमो मिळेल म्हणून सांगितलं आणि पुढे तो मिळालाही. पण मग ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. लाल खोडायचं तर मोठ्या साहेबांची सही लागते आणि साहेब दौऱ्यावर होते. पण लालाचं पिवळं करायचा अधिकार हेड ड्राफ्ट्समनला होता. त्यांनी लालावर पिवळी पेन्सिल फिरवली, टोळीच्या मुकादमाच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, ही टपालाने गेली तर वरातीमागून घोडं. मी म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, मुकादम तुमच्यासारख्या पोरीचं ऐकणार नाही. मग ते उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि खालची ट्राम बघायला लागले. मी तळ्याचा फोटो डब्याच्या पिशवीत, डब्याच्या मागे सरकवला. मी बाहेर पडेपर्यंत ते वळले नाहीत.

शीवपर्यंत बसने आणि पुढे पायी. चिखल, मिठागरांची वाट, विचारत विचारत. टोळी उद्याच्याऐवजी आजच आली असेल, अशी एक भीती होती, आणि ती खरी निघाली. सरकारी काम कधी नव्हे ते एक दिवस आधी! पंपवाले काठावर पाठीला पंप लावून उभे होते, आणि मुकादम हात हलवून पाण्यात कोणालातरी बाहेर यायला सांगत होता. ती बाई होडकं घेऊन तळ्याच्या मधोमध जाऊन बसली होती. माझ्यावर मारा आधी, मग वेलावर, असं म्हणत होती म्हणे. मी मुकादमाला चिठ्ठी दिली. त्याने ती दोनदा वाचली, माझ्याकडे बघितलं, मग मी पिशवीतून फोटो काढून त्याला वाटा दाखवल्या. 'गुप्त' शिक्का बघून तो जरा नरमला. पिवळं म्हणजे पिवळं, म्हणाला, आणि त्याने माणसांना पंप उतरवायला लावले. ते विड्या ओढून निघून गेले.

बाई काठाला आली. मी तिला सांगितलं की काल मी खोटं बोलले, चूक माझीच होती, पहिलं तळं माझ्यामुळे गेलं. यावर तिने मला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहिणार नाही. तेव्हा त्यातल्या काहींचे मला अर्थ कळले नव्हते, लग्नानंतर कळले. माझ्या सात पिढ्या उद्धरून झाल्या. मी उभी राहिले. ऐकताना मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू. जानेवारीपासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.

ती थकली, काठावर बसली आणि म्हणाली, दाखव ते चित्र. मी तिला तिचं तळं दाखवलं, वाटा दाखवल्या. तिने घर ओळखलं, आंब्याचं झाड ओळखलं. मग मी ठिपक्याशी पेन्सिल नेली आणि म्हटलं, 'ह्या बघा तुम्ही. दिसलात.'

ती वाकून बघत राहिली. मग तिने विचारलं, 'कधीचा हा?'

मी फोटो उलटला. चिठ्ठीवरची तारीख वाचून दाखवली. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. म्हणाली, तेव्हा तिच्या लेकीचं बाळंतपण होतं, ती महिनाभर कोळीवाड्यात होती. तळ्यावर तिचा नवरा एकटा होता. तो वैशाखात तापाने गेला.

'ही मी नाय गो,' ती म्हणाली. 'हे आमचे.'

तिने बोट ठिपक्यावर ठेवलं नाही, बाजूला ठेवलं. फोटो मिळेल का, असं तिने विचारलं नाही. शिक्का तिनेही बघितला होता. पाण्याचे दोन थेंब कागदावर पडले होते ते पदराने टिपले आणि फोटो मला परत दिला. निघताना तिने माझ्या पिशवीत ओंजळभर शिंगाडे घातले, त्याच तळ्यातले. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. केलं नसावंच, पुढच्या दोन वर्षांत ती दादरच्या बाजारात दिसली की मान वळवायची.

पण परतीच्या बसमध्ये मी तिचा विचार करत नव्हते. मी त्या चिठ्ठीवरच्या तारखेचा विचार करत होते. वाचून दाखवताना माझ्या तोंडातून ती निघाली आणि मला कळली नाही, नंतर कळली. गोळीबाराच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

पट्टी एकच, विमान एकच, दिवस एकच. कचेरीत आले, फोटो पाकिटात ठेवला आणि लालबागचा फोटो काढला. उलटला. तीच तारीख. कडेच्या घड्याळात सव्वादहा वाजून गेले होते. आदल्या दिवशी दादा पहिल्या पाळीला होता. इतके दिवस मी त्याला रस्त्यावर शोधत होते, आणि तो रस्त्यावर नव्हताच. गिरणीचं छप्पर मला आधीपासून दिसत होतं, करवतीच्या दात्यांसारखं, सावल्यांसकट. तो त्याच्या खाली होता.

फोटो नेणं शक्य नव्हतं, एकदा नेला तेवढं पुरे. मी ट्रेसिंगचा एक उरलेला तुकडा घेतला, फोटोवर ठेवला आणि आमची चाळ, रस्ता, गिरणीची भिंत आणि छपराचे दाते शाईने काढून घेतले. हेडसाहेबांनी बघितलं आणि ते आपल्या टेबलाशी गेले. नोकरी टिकली. पुढचा महिनाभर मी तो सगळा तक्ता पुन्हा ताडला, एकेक तळं, आणि पिवळी पेन्सिल झिजवली.

आई पंगतीचे तांदूळ निवडत होती. मी तो कागद तिच्या पुढ्यात जमिनीवर पसरला. तिने विचारलं, ह्या काय गो? मी चाळ दाखवली, रस्ता दाखवला. विमानाचं सांगितलं, तारखेचं सांगितलं. तिने कागद जवळ ओढला.

'ह्यात तो खंय आसा?'

मी गिरणीच्या छपरावर बोट ठेवलं. म्हटलं, 'हय. कामावर.'

तिने तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. त्या दिवशी डब्यात काय दिलं होतं ते तिला आठवत होतं, भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि वेगळ्या पुडीत गुळाचा खडा. किती वाजलेले, असं तिने विचारलं. मी सांगितलं, सव्वादहा होऊन गेलेले.

'मगे जेवणाच्या सुट्टीक अजून वेळ आसा,' आई म्हणाली.

तेव्हा मला रडू आलं. तांदूळ निवडायचे राहिले आणि त्या रात्री पंगत उशिरा बसली.